पात्याचा पासंग

गिरणीवर दळण घेऊन गेलं की बायका इचारत्यात, "म्हातारे, चार दिस पोरांसंगं कुठं उंडारून आलीस?" एकीला सांगून झालं की दुसरी येती. म्हणून नात म्हणाली, आज्जी, तू बोल, मी लिहिते. मी चौथीतनं शाळा सोडली. सही येती आन एसटीची पाटी वाचता येती, तेवढ्यावर सत्तर वर्सं काढली. तवा हे मी बोलले तसं हाय. नातीला सांगितलंय, सुधरत बसायचं न्हाई.

नेसरी

माझी नात अश्विनी. कोल्हापुरात इंजिनेरिंगच्या तिसऱ्या वर्साला हाय. तिथं ती, तिची एक मैत्रीण आन दोन पोरं मिळून बारकं हेलिकॉप्टर करत्यात. खेळण्यातलं न्हवं. आत माणूस न बसता, हातात कळ न धरता आपलं आपण उडायचं, ठरल्या जागी जायाचं आन परत यायचं. लग्नात फोटो काढाय चार पंख्यांचं येतं ना, त्ये ड्रोन. हे तसं न्हाई. ह्याच्या डोस्क्यावर एकच मोठा पंखा, दोन लांब पात्यांचा, आन शेपटीला बारकी फिरकी. अश्विनी म्हणती, "चार पंख्यांचं म्हंजे चार पायांवर हुबी म्हस, कुणीबी सांभाळंल. ह्यो एका पायावरचा बगळा हाय."

कोडोलीजवळच्या एका माळावर ह्या असल्या यंत्रांची शर्यत ठरलीती. लांबलांबची कालिजं येणार हुती. गेल्या साली ह्यांचं हेलिकॉप्टर दुसऱ्या गावात जाऊन बाभळीत अडकलं. तवाच त्यांच्या सरांनी सांगितलंतं, "पुढच्या साली उडून परत आलं न्हाई, तर खोली काढून घेणार. दुसरी पोरं वाट बघत्यात." ती खोली म्हंजे ह्यांचं सगळं. हत्यारं तिथं, यंत्र तिथं. खोली गेली की संपलं.

जायाच्या चार दिस आधी मैत्रिणीला टायफाईड झाला. माझा ल्योक सुरेश म्हणाला, "तीन राती माळावर, दोन पोरांत एकटी पोरगी? न्हाई जायाचं."

अश्विनी रडली न्हाई. ताटातली भाकरी मोडत गप बसली. मला ते बघवलं न्हाई. रडती तर समजूत काढली असती.

"मी जाते तिच्यासंगं," मी म्हणाले.

"आई, तुझं गुडघं?"

"गुडघं माझं हाईत. तुला चालायचं न्हाई."

सून पदरात हसली. सुरेश काय बोलला न्हाई, म्हंजे झालं.

मी पिशवी भरली. ज्वारीच्या भाकरी, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, शेरभर घनसाळ तांदूळ. कुंकवाचा करंडा, एक नारळ आन माझी मिश्रीची डबी. मिश्री वाईट, मला ठाऊक हाय, सांगू नका.

एसटी गडहिंग्लज, संकेश्वर करत निपाणीत आली. तिथं गाडी दहा मिनिटं थांबती. अश्विनी म्हणाली, "आज्जी, तू हितंच राहत हुतीस न्हवं? बघ की, किती बदललंय."

मी खिडकीतनं बघितलं न्हाई.

का ते सांगते, कारण पुढं ते लागणार हाय. मालक वारलं तवा माझं धाकटं नऊ म्हयन्यांचं हुतं. तीन पोरं घेऊन मी निपाणीला आले आन तमाखूच्या वखारीत चाळणीला बसले. दिसभर धूळ. शिंका, खोकला, डोळ्यांतनं पाणी. तिथं माझ्या शेजारी गंगव्वा बसायची. कानडी बाई, पर मराठीबी यायची, माझ्यापरीस थोडी थोरली. तिनं मला कानडी शिकवली, आन भाकरीबी वाटून खाल्ली. वखारीची किल्ली तिच्याकडं असायची. सांजंला खिडक्या लावायच्या, कुलूप घालायचं, हे तिचं काम.

एका उन्हाळ्यात तिनं खिडक्या लावल्या आन ती बाहीर हात धुवाय गेली. मला धुळीनं लई ठसका आला. मी मागली खिडकी उघडली, दम घेतला, आन लावायची इसरले. राती वळीव आला. सकाळी बघतोय तर तमाखूची रास भिजून काळी. शेटजीनं गंगव्वाला हुबं केलं. ती एकच बोलत हुती, "मी लावली हुती. मी माझ्या हातानं लावली हुती." कुणाला पटलं न्हाई. तिला काढली. मी तिथंच हुते. तोंडात मिश्री हुती, ती थुकलीबी न्हाई आन बोललेबी न्हाई. तीन पोरं हुती, म्हणून गप बसले, असं मी मलाच सांगत आले.

गाडी सुटली तवा अश्विनीनं इचारलं, "मळमळतंय व्हय?"

"व्हय," म्हणाले.

उद्यमनगर

कोल्हापुरात पयला दिस उद्यमनगरात गेला. गल्लीच्या गल्ली कारखान्यांची. आमच्या गावात एक लोहार, हितं दारादारात लोखंड. भजं तळल्यावानी वास यायचा, इचारलं तर म्हणाले लोखंड कापताना तेल जळतंय.

तिथं इरफानच्या वडलांचं लेथचं दुकान. इरफान म्हंजे ह्यांच्यातला एक पोरगा. उंच, कमी बोलणारा, नखांत काळं तेल. ह्या हेलिकॉप्टरचा मधला दांडा, ज्यावर पंखा फिरतो, त्याला शाफ्ट म्हणत्यात, तो इरफानच्या वडलांनी लेथवर काढून दिलता. आम्हाला बघून त्यांनी मशीन बंद केलं, स्टूल पुसलं.

"बसा मावशी. नेसरीच्या न्हवं तुम्ही? मग पाव्हणंच झालासा की आमचं. आमच्या आत्याला गडहिंग्लजला दिलीया."

चा आला. त्यांनी फडक्यात गुंडाळलेला जुना दांडा काढून माझ्या हातात दिला. गार, गुळगुळीत, कोंबडीच्या हाडाएवढा.

"ह्यो आधीचा. पसंत पडला न्हाई म्हणून ठेवला. ह्यात केसाच्या निम्म्याचा फरक हुता. आता दिलाय त्यात तेवढाबी न्हाई."

"केसाच्या निम्म्याचा कळतो व्हय?" मी इचारलं.

"तुम्हाला पिठात चिमूटभर मीठ कमी पडल्यालं कळतंय न्हवं? तसंच."

दुसरा पोरगा वरद. कोल्हापुरातलाच, मास्तराचा. हुशार, पर जीभ सुरीवानी. हेलिकॉप्टरच्या पोटातला कॉम्प्युटर तो सांभाळायचा, अश्विनी उडवायची आन शिकवायची, कुठं वळायचं, कुठं थांबायचं. मी पिशवीतनं नारळ काढला तसा वरद म्हणाला, "आजी, हे आत ठेवा. इथे पूजाबिजा नको. तोल आणि मोजमाप एवढेच आमचे देव."

अश्विनी खाली बघत हुती. मी नारळ आत ठेवला. राग न्हाई आला. पर पटलंबी न्हाई. दसऱ्याला आमच्यात नांगराला, खुरप्याला, शिलाई मशीनलासुद्धा कुंकू लागतं. ज्याच्यावर पोट, त्याचा मान. एवढ्या पोरांचा जीव ज्यात अडकलाय, त्याला बोट न लावता कसं पाठवायचं?

कोडोलीचा माळ

सांजंला माळावर पोचलो. माळ लई मोठा. गवत वाळून पिवळं झाल्यालं, लांब पन्हाळ्याचा डोंगर, वारा दिसभर. एका कडंला मांडव, त्यात रांगेनं टेबलं आन टेबलावर यंत्रं. कुणी हिंदी, कुणी पंजाबी, कुणी इंग्रजी. आम्हाला बायकांच्या खोलीत दोन खाटा मिळाल्या. जेवणात पांढरी गोड आमटी, तीत पनीर. पंजाबची पोरं म्हणाली तिखट हाय. मी म्हणाले, बाळांनो, हे तिखट असंल तर मिसळीला तुम्ही गाव सोडून जाशीला.

काम असं हुतं. यंत्रानं आपलं आपण उठायचं, चार झेंड्यांवरनं फिरायचं, चुन्याच्या गोलात एक पुडी टाकायची आन परत येऊन बसायचं. दोन वेळा संधी. पयली दुसऱ्या दिशी सकाळी, दुसरी शेवटच्या दिशी.

पयल्या संधीच्या सकाळी पोरं नाव लिहाय गेली. अश्विनी म्हणाली, "आज्जी, हितं बस. कुणाला हात लावू दिऊ नको."

मी कुणाला हात लावू दिला न्हाई. मीच लावला.

करंडा काढला. पात्यांची टोकं तांबड्या रंगानं रंगवलीती, उडताना दिसावी म्हणून. बघितलं तर एका पात्याच्या टोकाला खालनं नखाएवढी तांबडी चिट्टी डकवल्याली, चिकटपट्टीची. दुसऱ्याला न्हाई. मला वाटलं दुकानातली राह्यली असंल. नवं भांडं आणलं की आपण आधी चिट्टी काढतो, मग पाणी दाखवतो. तशी मी ती नखानं सोडवली. टाकून कशाला द्यायची म्हणून मिश्रीच्या डबीच्या झाकणावर लावली, तिथं भेग पडलीती. मग यंत्राच्या तोंडाकडं असल्याल्या दुसऱ्या पात्याच्या टोकाला, खालच्या अंगानं ओलं कुंकू लावलं आन एक तांदळाचा दाणा. वरद्याला दिसू न्हाई म्हणून खालनं. हात जोडले आन गप येऊन बसले.

पंखा फिरला. आधी गुणगुण, मग भिंगरीवानी आवाज. कमरंएवढं वर गेलं आन थराथरा कापाय लागलं. पिठाची चाळण हलवावी तसं. शेपटी हिकडं तिकडं. अडलंच तर असावी म्हणून हातात धरल्याल्या कळीच्या पेटीवरनं अश्विनीनं ते कसंबसं खाली घेतलं, तरी एक पाय मोडला.

टेबलावर आणून ठेवलं.  वरदनंच सुरू केलं.

"शाफ्ट वाकडा आहे."

"माझ्या अब्बांनी काढलाय," इरफान म्हणाला. "वाकडा असायचा न्हाई."

"मग पाती?"

"पाती मी तोललीत. दोन वेळा. माझ्या हातानं."

"तुझ्या हाताला काय सरकारी शिक्का आहे का? शाफ्ट तुझा, पाती तुझी. थरथर दुसऱ्या कशानं येते? सांग की."

"मी तोललीत," इरफान परत म्हणाला. पात्याच्या टोकाकडं बघितलं. तांबडं दिसलं. पुढं बघितलं न्हाई.

सर आले, त्यांनीबी शाफ्टच म्हटलं. दुसरा शाफ्ट शिरोलीतनं करून आणायचा ठरला. "तुझ्या वडलांकडनं नको," वरद म्हणाला.  इरफाननं हत्यारं पुसून पेटीत ठेवली, एकेक, जागच्या जागी.

मला गंगव्वा आठवली. मी माझ्या हातानं लावली हुती. मी माझ्या हातानं तोललीत. तोच सूर. पर मी मनाला म्हणाले, चिमूटभर कुंकवानं कुठं यंत्र हालतंय व्हय. असल्या गोष्टी मनाला सांगाय मला बरोबर जमत्यात.

त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी पाण्याच्या टाकीवर एक पोरगी भेटली. काळीसावळी, केसात अबोली. नाव कयल. तमिळ कालिजातली, पर कर्नाटकाच्या शिवेवरच्या होसूरची, तवा कानडी यायची. मी भांडं घासत हुते, ती म्हणाली, "अज्जी, ऊट आयिता?" जेवलीस का म्हणून. चाळीस वर्सांनी माझ्याशी कुणीतरी कानडीत बोललं. मी तिला खर्डा-भाकरी दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी भाकरी घेतली.

तिनं मला त्यांच्या टेबलाकडं न्हेलं. त्यांचंबी एकाच पंख्याचं हेलिकॉप्टर. यंत्र ठेवायच्या पेटीला इभूती, कुंकू, झेंडूचं फूल. यंत्राला मात्र काय न्हाई.

"ह्याला का न्हाई लावलंस?" मी इचारलं.

ती हसली. "पेटीला लावायचं अज्जी. ह्याला न्हाई. हे बघ."

तिनं पातं दाखवलं. टोकाला चिट्टी. हिरवी, नखाएवढी.

मी वाकून बघितलं. "ही कशाला?"

"दोन पाती एका वजनाची कधी नसत्यात. जे हलकं, त्याला चिट्टी. एवढीशी पुरती. न्हाईतर..." आन तिनं आपलं दोन्ही हात थरथरा हालवून दाखवलं.

पासंग. मला सांगाय नको हुतं. वखारीत तराजूची एक बाजू हलकी हुती, तवा दांडीला चिंचोका बांधल्याला असायचा. तो कुणी सोडला तर दिसभराचं माप खोटं. मी पासंग सोडला हुता. सोडला तो सोडला, आन दुसऱ्या बाजूला वर कुंकू न् तांदूळ घातला. इरफाननं तांबडं बघून चिट्टी हाय म्हणून सोडलं, ते माझं कुंकू हुतं.

मी आमच्या टेबलाकडं गेले. अश्विनी आन वरद यंत्र खोलून बसल्याले.

"इरफान कुठाय?"

"गेला," अश्विनी म्हणाली, मान वर न करता. "फाट्यावर. वडापनं घरी जातो म्हणाला."

मी पायताण घातलं. फाटा अर्धा कोस. ऊन चढल्यालं, वाटंत कुसळं, गुडघं कुरकुरत हुतं. मी त्यांना म्हणाले, निपाणीला तुम्ही तरणी हुता तवा दहा पावलं चालला न्हाईसा, आज चालायचं. आधी ज्याच्यावर आळ, त्याला सांगायचं. मग बाकीच्यांना.

इरफान दगडावर बसला हुता, बॅग मांडीवर.

"आज्जी? एकट्या आलासा? काय झालं?"

मी डबी काढून त्याच्या हातात दिली. झाकण वर करून. त्यानं बघितलं.  बोटानं कोपरा चाचपला.

"ह्यो कोपरा मीच तिरका कापलता," म्हणाला. "कात्री बोथट हुती." मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही काढली?"

"व्हय. आन दुसऱ्याला कुंकू लावलं. चोरून."

तो हसंल का रागावंल ते मला कळंना. लांबनं वडापची जीप आली, कंडक्टर पोरगा वाकून वराडला, "कोल्हापूर, कोल्हापूर, चला पाव्हणं." इरफाननं त्याला हातानं जा म्हणून सांगितलं.

"आज्जी," तो हळू म्हणाला, "तुमचं नाव नको घ्यायला. अश्विनीला लई लागंल. मी सांगतो चिट्टी वाऱ्यानं पडली असंल. नवी लावतो. झालं."

गोड पोरगं. सोपी वाट दाखवली. घ्यायचं मन झालं, खोटं का सांगू.

"मग तूच नीट डकवली न्हाईस असं हुतंय," मी म्हणाले. "परत तुझ्यावरच. न्हाई. मी सांगणार. तू नुसता संगं चल, मला एकटीला माघारी चालवायचं न्हाई."

त्यानं माझी पिशवी घेतली.

मांडवात मी सगळ्यांम्होरं सांगितलं. सर हुते, वरद हुता, शेजारच्या टेबलाची पोरं हुती. कशी चिट्टी काढली, कुठं कुंकू लावलं, का खालनं लावलं. मधी थांबले न्हाई. थांबले असते तर राह्यलं असतं.

वरद म्हणाला, "आजी, मी सांगितलं होतं ना."

"सांगितलंतंस. म्हणूनच चोरून लावलं."

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, आम्ही शाफ्ट काढला. शिरोलीला माणूस पाठवला."

 अश्विनीची मान लाल झालीती. मग म्हणाली, "का हात लावलास, आज्जी? एवढंच सांगितलंतं."

"चुकलं," मी म्हणाले. आणि काय म्हणणार.

पुढं मात्र येळ घालवला न्हाई. शिरोलीला पाठवल्याल्या माणसाला फोन करून माघारी बोलावला. इरफाननं आपल्या अब्बांचा शाफ्ट उचलला, पुसला, बसवला. पाती स्पिरीटनं धुतली. मग मला म्हणाला, "आज्जी, दोन पेलं द्या." मी पितळंचं दोन पेलं दिलं. त्यानं दोन्ही पाती मधोमध एका खिळ्यानं जोडली आन खिळा दोन पेल्यांच्या काठावर ठेवला. तराजूच झाला. एक पातं हळूच खाली गेलं. डबीवरची चिट्टी सोडवून दुसऱ्याच्या टोकाला लावली. दांडी हालली, हालली, आन सरळ थांबली.  त्यानं पात्यावर फुंकर घातली, परत सरळ.

वरदनं ते खाली वाकून, डोळा लावून बघितलं. 

"शाफ्टबद्दल मी चुकलो," म्हणाला. "तुझ्या अब्बांना सांग."

"तूच सांग की," इरफान म्हणाला. "फोन लावून देतो."

आन खरंच लावला. वरद बाजूला जाऊन बोलला. तिकडनं काय म्हणाले ते ऐकू आलं न्हाई, पर वरद तीनदा "हो काका" म्हणाला, आन चवथ्यांदा हसला.

अंधार पडायच्या आत मोडका पायबी बसवून झाला. अश्विनी माझ्याशी बोलत न्हवती. जेवताना मात्र माझ्या ताटात भात तिनं वाढला.

शेवटच्या दिशी सकाळी वारा हुता. झेंडं फडफडत हुतं. आमचा नंबर आला तवा वरद माझ्याकडं आला. "आजी, नारळ आणलाय ना? फोडा. पण तिकडे, दगडापाशी. लांब."

मी लांब जाऊन फोडला. खोबऱ्याची अर्धी कवड कयलला दिली.

पंखा फिरला. ह्या येळी आवाज निराळा हुता, एकसूर, जात्याची घरघर लागती तसा. वर गेलं. डोक्याएवढं, झाडाएवढं. अश्विनीनं हातातली पेटी खाली गवतावर ठेवली आन दोन्ही हात मागं बांधलं. म्हंजे आता ते एकटं हुतं. पयल्या झेंड्यावर गेलं. दुसऱ्यावर वाऱ्यानं ढकललं, तिरपं झालं, परत आपलं आपण सावरलं. इरफान वर बघत न्हवता. डोळं मिटून ऐकत हुता. चवथ्या झेंड्यावरनं वळून यंत्रानं पुडी टाकली. गोलाच्या हातभर बाहीर पडली. मग माघारी आलं आन जिथनं उठलं तिथं बसलं. पंखा थांबंस्तवर कुणी हाललं न्हाई.

बक्षीस न्हाई मिळालं. पुडी बाहीर पडली म्हणून मार्क कापलं. कयलच्या कालिजाला दुसरा नंबर मिळाला. पर सर आले, आन खोलीची किल्ली अश्विनीच्या हातात ठेवली. "सोमवारपासून पुडी गोलात पडली पाहिजे," एवढंच म्हणाले.

निघताना इरफाननं माझ्या डबीच्या झाकणाला नवी चिट्टी लावून दिली. भेग झाकाय.

निपाणी

येताना गाडी निपाणीत थांबली तवा मी उठले. "उतर," मी अश्विनीला म्हणाले.

"हितं? आज्जी, पुढं गाडी न्हाई लवकर."

"असू दे."

वखार ऱ्हायली न्हाई. तिथं लग्नाचा हॉल झालाय. मागली गल्ली मात्र हाय. एका पोराला कानडीत इचारलं, त्यानं दार दाखवलं. गंगव्वा उंबऱ्यात बसून लसूण सोलत हुती. केस पांढरं, दात न्हाईत, पर नजर तीच. मी नाव सांगाय लागले तर म्हणाली, "ठाऊक हाय. बस."

मी बसले न्हाई. हुबी राहून सांगितलं. खिडकी मी उघडली हुती, ठसका आलता, इसरले, आन त्या सकाळी बोलले न्हाई.

तिनं लसूण खाली ठेवला.

"आता सांगतीस व्हय? शेटजी मेला. वखार पाडली. चाळीस वर्सं ह्या गल्लीनं मला भिजक्या तमाखूची म्हटलं. आता कुणाम्होरं सांगतीस?"

"तुझ्याम्होरं."

"मी माफ केलं म्हणायची न्हाई."

"नको म्हणूस."

अश्विनी माझ्या मागं हुबी हुती. तिला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं. तिनं माझा हात धरला.

गंगव्वा तिच्याकडं बघत म्हणाली, "आजच कसं तोंड उघडलं हिचं?" मग अश्विनीनंच सांगितलं, माळाचं, चिट्टीचं, इरफानचं, फाट्यापतूर चालत गेल्याचं.  गंगव्वानं शेवटी एकच इचारलं.

"त्या पोरावरचा आळ गेला का?"

"गेला," मी म्हणाले.

"एक तर गेला," ती म्हणाली, आन उठून चा ठेवला.